बँक डळमळते तेव्हा कंपनीचा ताळेबंद कसा वाचावा

५ मार्च २०२०, गुरुवार. रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांमुळे येस बँकेच्या खातेदारांना ५०,००० रुपयांच्या वर पैसे काढता येईनात. एटीएमपुढच्या रांगा सगळ्यांनी पाहिल्या. ज्या कंपन्यांची चालू खाती त्या बँकेत होती, त्यांच्या हिशेब विभागापुढे मात्र आणखी एक प्रश्न होता. वर्षअखेर २६ दिवसांवर आली होती. ३१ मार्चच्या ताळेबंदात हे पैसे ‘रोख व बँक शिल्लक’ म्हणून लिहायचे का?

येस बँकेच्या बाबतीत हा प्रश्न लवकर सुटला, कारण १८ मार्चला निर्बंध उठले आणि पैसे मोकळे झाले. मुंबईच्या पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये, सहामाही संपायला जेमतेम आठवडा असताना, निर्बंध आले तेव्हा तसं घडलं नाही. जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि संस्थात्मक ठेवीदारांच्या विमा नसलेल्या ठेवींपैकी ८० टक्के रकमेचे १ टक्का लाभांशाचे प्रेफरन्स शेअर झाले. ज्या संस्थेने तोवर ती रक्कम बँक शिल्लक म्हणून दाखवली होती, तिच्या हातात शेवटी परत न मागता येणारं भांडवल उरलं. दोन्हीकडे पासबुकावर आकडा तसाच होता, पण त्याचा अर्थ पार वेगळा होता.

कंपन्यांचे अहवाल वाचणं हे माझं रोजचं काम आहे. बँकांची अस्थिरता हिशेबात कुठून शिरते, त्या जागा ठरलेल्या आहेत आणि बाहेरच्या माणसालाही त्या तपासता येतात, असं मला अनुभवाने वाटतं. शेअरधारक, उधारीवर माल देणारा पुरवठादार, कर्ज समितीवर बसणारा पतसंस्थेचा संचालक, नुकताच पास झालेला सीए, यांपैकी कुणालाही वापरता येईल अशी ही पद्धत आहे. सोबत कंपनीचे निदान चार वर्षांचे वार्षिक अहवाल हवेत. एका वर्षाच्या अहवालावरून यातलं फारसं काही कळत नाही.

आधी दाब कुठून येतो ते समजून घ्या

बँक अडचणीत आली की ती हात आखडते. २०१७-१८ मध्ये ११ सरकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचे ‘पीसीए’चे, म्हणजे कमकुवत बँकांना सावरण्यासाठी लावायचे, निर्बंध होते. पुण्यात मुख्यालय असलेली बँक ऑफ महाराष्ट्रही त्यांत होती, आणि जानेवारी २०१९ च्या अखेरीस ती त्यातून बाहेर पडली. असे निर्बंध असले की नवी कर्जं मंदावतात आणि फायली वरच्या कार्यालयात फिरत राहतात. चांगल्या कर्जदाराचंही लिमिट वेळेवर वाढत नाही. मग कंपनी दुसऱ्या बँकेचं दार ठोठावते. तिथे दाखवायला आकडे देखणे लागतात, आणि जुन्या बँकेच्या अटी मोडू नयेत म्हणूनही लागतात. नफा फुगवण्याचा मोह इथे जन्म घेतो.

याची उलट बाजूही असते. घाबरलेली बँक जास्त प्रश्न विचारते, जास्त कागद मागते, बुडीत येण्यांची तरतूद करायला लावते, आणि कंपनीचे आकडे पूर्वीपेक्षा सावध होतात. म्हणून एखाद्या वर्षी तरतूद एकदम वाढलेली दिसली तर लगेच ‘इथे घोटाळा आहे’ म्हणू नका. कित्येकदा आदल्या चार वर्षांपेक्षा त्याच वर्षी कंपनीने खरं सांगितलेलं असतं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती तिसऱ्या परिस्थितीची. कर्जदाराचं खातं थकलं तर बँकेचाही एनपीए, म्हणजे थकीत कर्जांचा आकडा, वाढतो, तेव्हा दोघांनाही ते खातं ‘नियमित’ दिसायला हवं असतं. जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज मिळतं आणि ताळेबंदात सगळं सुरळीत दिसतं. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये बँकांच्या कर्जांची कसून तपासणी केली तेव्हा असं बरंच बाहेर आलं आणि मार्च २०१८ पर्यंत बँकांचं ढोबळ एनपीएचं प्रमाण ११ टक्क्यांच्या पुढे गेलं. यावर एरवी बँकेचा पहारा असतो. इथे पहारेकऱ्यालाच डोळे मिटून घ्यायचे असतात.

पायरी १ : कंपनीच्या बँकांची यादी करा

एक कोरा कागद घ्या. कुठली बँक, किती कर्ज, कुठल्या प्रकारचं आणि तारण काय, असे चार रकाने पाडा. वार्षिक अहवालातल्या कर्जांच्या टिपेत यातलं निम्मं मिळतं. उरलेलं दोन ठिकाणी शोधा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीवरच्या चार्जची, म्हणजे तिच्या मालमत्तेवरच्या तारण-बोज्याची, नोंद असते, आणि क्रिसिल, इक्रा, केअर यांसारख्या पतमापन संस्थांच्या टिपणाला बऱ्याचदा बँकनिहाय मर्यादांचं परिशिष्ट जोडलेलं असतं. हे परिशिष्ट फार कमी लोक उघडतात. एखादी कंपनी ७० टक्के खेळत्या भांडवलासाठी एकाच बँकेवर अवलंबून आहे, हे तिथे दोन मिनिटांत दिसतं.

मग त्या बँकांची तब्येत पाहा. बँकेच्या वार्षिक अहवालात ‘डायव्हर्जन्स’ची टीप असते, म्हणजे बँकेने स्वतः सांगितलेला एनपीए आणि रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत निघालेला एनपीए यांतला फरक. येस बँकेच्या बाबतीत २०१५-१६ साठी हा फरक ४,१७६ कोटींचा आणि २०१६-१७ साठी ६,३५५ कोटींचा होता. निर्बंध आले २०२० मध्ये. या टिपा वाचणाऱ्या कर्जदाराला खाती दुसरीकडे हलवायला दोन वर्षं मिळाली होती.

पायरी २ : रोख खरोखर रोख आहे का

‘रोख व रोखसमतुल्य’ आणि ‘इतर बँक शिल्लक’ या दोन ओळी वेगळ्या का असतात, ते टिपेत पाहा. बँक गॅरंटीसाठी अडकवलेल्या मुदत ठेवी दुसऱ्या ओळीत यायला हव्यात. वापरावर बंधन असलेली मोठी रक्कम वेगळी सांगणं रोकड प्रवाहाच्या मानकानुसार बंधनकारक आहे. कंपनीची बँक निर्बंधाखाली असूनही टिपेत त्याबद्दल एक ओळ नसेल, तर तिथे खूण करा.

यानंतर एक सोपा भागाकार करा. वर्षभरातलं बँकेचं व्याज, भागिले वर्षाच्या सुरुवातीच्या आणि अखेरच्या शिल्लक-ठेवींची सरासरी. समजा सरासरी २०० कोटी आणि व्याज ४ कोटी, तर दर आला २ टक्के. ठेवींना ६-७ टक्के मिळत असताना २ का? पैसे चालू खात्यात पडून असतील, किंवा फक्त ३१ मार्चपुरते आले असतील, किंवा मुळात नसतील. सत्यमच्या जानेवारी २००९ च्या कबुलीपत्रात ५,३६१ कोटींच्या रोख-बँक शिल्लकेतले ५,०४० कोटी खोटे असल्याचं म्हटलं होतं, आणि न मिळालेलं ३७६ कोटींचं व्याजही येणं म्हणून दाखवलेलं होतं. म्हणजे तिथे व्याजही बनावट होतं. त्यामुळे या भागाकारावर एकट्यावर विसंबू नका. जमा झालेलं व्याज आणि ‘येणं असलेलं व्याज’ वेगळं काढून पाहा.

नीट माहिती कशी द्यावी, याचा नमुना पाहायचा असेल तर अमेरिकेतली रोकू कंपनी पाहा. १० मार्च २०२३ ला सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली त्याच दिवशी तिने कळवलं की आपले सुमारे ४८.७ कोटी डॉलर, म्हणजे एकूण रोखीच्या जवळपास २६ टक्के, त्या बँकेत आहेत आणि त्यांतल्या बहुतेक रकमेला विमा नाही. बँकेचं नाव, रक्कम, प्रमाण सगळं त्यात होतं. ‘कंपनी परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे’ असल्या वाक्यापेक्षा वाचणाऱ्याला याचा कितीतरी जास्त उपयोग होतो.

पायरी ३ : बँकेला दिलेले आकडे आणि वहीतले आकडे

माझ्या मते सगळ्यांत जास्त माहिती इथे मिळते, म्हणून या पायरीला वेळ द्या.

कॅश क्रेडिट (माल आणि येण्यांच्या तारणावरच्या खेळत्या कर्जाच्या) खात्यावर किती पैसे उचलता येतील ते ‘डीपी’वर, म्हणजे ड्रॉइंग पॉवरवर ठरतं, आणि डीपी ठरतो कंपनीने बँकेला पाठवलेल्या स्टॉक स्टेटमेंटवर, म्हणजे माल, येणी आणि देणी यांच्या विवरणावर. हिशेब असा : माल ४० कोटी, त्यातून पुरवठादारांची देणी १५ कोटी वजा, उरले २५, त्यावर २५ टक्के मार्जिन सोडून १८.७५ कोटी. नव्वद दिवसांच्या आतली येणी ३० कोटी, त्यावर ४० टक्के मार्जिन सोडून १८ कोटी. एकूण डीपी ३६.७५ कोटी. आता मालाचा आकडा ४० ऐवजी ४४ लिहिला तर डीपी ३ कोटींनी वाढतो. एका ओळीतला एक आकडा बदलला की महिन्याचा पगार निघतो.

आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीएच्या प्रशिक्षणाच्या, काळात पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी मालाची मोजणी करायला गेलो होतो. स्टोअरच्या मागच्या बाजूला लोखंडी सळ्यांचे ढीग होते, प्रत्येकावर खडूने वजन लिहिलेलं, आणि स्टोअरकीपरची पेन्सिलने भरलेली वही अगदी चोख. ढीग आणि वही जुळली. संध्याकाळी अकाउंट्समध्ये बँकेला गेलेलं स्टेटमेंट मागितलं, तर त्यात ‘प्रक्रियेतला माल’ दोन कोटींनी जास्त. वयाने माझ्या वडिलांएवढे असलेले अकाउंटंट काका थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “सर, सहा महिने झाले, लिमिटचं रिन्यूअल अडलंय. बँकेचेच वांधे आहेत. डीपी कमी पडला तर माणसांचे पगार कुठून करू?” त्या बँकेने दीड वर्षात स्टॉक ऑडिटला कुणाला पाठवलं नव्हतं. काकांची अडचण खरी होती, आणि आकडा खोटा होता. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे मी त्या दिवशी शिकलो. तेव्हापासून कुठलाही अहवाल वाचताना कंपनीवर दाब कुठे आहे, ते मी आधी शोधतो.

तेव्हा ही गोष्ट बाहेरच्याला कळायची सोय नव्हती. आता आहे. २०२१-२२ पासून लागू झालेल्या ‘कॅरो २०२०’च्या (ऑडिटरने अहवालात काय सांगायचं ते ठरवणाऱ्या सरकारी आदेशाच्या) दुसऱ्या कलमात, चालू मालमत्तेच्या तारणावर ५ कोटींपेक्षा जास्त खेळतं भांडवल मंजूर असलेल्या कंपनीची बँकेला दिलेली तिमाही विवरणं वहीशी जुळतात का, हे ऑडिटरला सांगावं लागतं. वित्तीय विवरणांच्या टिपांतही त्याचा तपशील द्यावा लागतो. अनेक अहवालांत तिमाहीवार तक्ताच असतो : बँकेला दिलेला आकडा, वहीतला आकडा, फरक, कारण.

हा तक्ता वाचताना फरकाच्या आकारापेक्षा त्याची दिशा पाहा. विवरण पुढच्या महिन्याच्या दहा-पंधरा तारखेला जातं आणि तोवर वह्या बंद झालेल्या नसतात, त्यामुळे थोडा फरक सगळीकडेच असतो. प्रामाणिक चूक कधी वर जाते, कधी खाली. चारही तिमाहींत बँकेला दिलेला मालाचा किंवा येण्यांचा आकडाच जास्त असेल, किंवा पुरवठादारांची देणी प्रत्येक वेळी कमी दाखवली असतील, तर फरकाची दिशा डीपी वाढवणारी आहे. ‘आकडे तात्पुरते होते’ हे कारण सलग तीन वर्षं दिलेलं असेल तर ते कारण म्हणून धरू नका.

पायरी ४ : कर्जाच्या अटींच्या काठावर कोण उभं आहे

मुदत कर्जाच्या मंजुरीपत्रात अटी असतात : चालू गुणोत्तर (चालू मालमत्ता भागिले चालू देणी) अमुकच्या वर, कर्ज-भांडवल प्रमाण तमुकच्या खाली, हप्ते फेडण्याची क्षमता एवढी. भारतीय बँकांत चालू गुणोत्तराचा १.३३ हा आकडा रिझर्व्ह बँकेच्या टंडन समितीपासून मुरलेला आहे. २०२१ मध्ये बदललेल्या, कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ३ प्रमाणे कंपन्यांना ठराविक गुणोत्तरं टिपांत छापावी लागतात आणि २५ टक्क्यांपेक्षा जास्त बदल झाला तर कारणही द्यावं लागतं. चार वर्षांची गुणोत्तरं एका ओळीत मांडा. १.३४, १.३५, १.३४, १.३४ असं दिसलं तर थांबा. धंदा वर-खाली होतो आणि गुणोत्तर मात्र रेषेच्या केसभर वर बसून राहतं. हे घडवायला काय करावं लागतं ते बघा : मार्चअखेर हातातल्या रोखीतून पुरवठादारांना घाईने पैसे द्यायचे किंवा कॅश क्रेडिट थोडं उतरवायचं, जुनी येणी चालू म्हणून ठेवायची, अल्पमुदतीचं कर्ज दीर्घमुदतीत टाकायचं. येणी आणि देणी यांच्या वयोमानाचे तक्ते याच टिपांत असतात. तीन वर्षांपेक्षा जुनी आणि ‘वादग्रस्त नसलेली’ येणी वाढत असूनही तरतूद जागच्या जागी असेल, तर उत्तर तिथेच आहे.

अट मोडली तर एरवी दीर्घमुदतीचं असलेलं कर्जही मागणीवर देय होऊ शकतं, आणि मग ते चालू देण्यांत यायला हवं. बँकेने माफी दिली असेल तर ती कुठल्या तारखेला दिली, लेखी आहे का, किती महिन्यांसाठी आहे, हे टिपेत शोधा. हे सापडलं नाही तर वार्षिक सभेत विचारा.

पायरी ५ : नफा आणि रोकड शेजारी ठेवा

करोत्तर नफ्यातून कामकाजातली निव्वळ रोकड वजा करा आणि उत्तराला एकूण मालमत्तेने भागा. एका वर्षाच्या उत्तराला फार महत्त्व देऊ नका. बँक डळमळण्याआधीची दोन वर्षं आणि नंतरची दोन, अशी तुलना करा. शक्य असेल तर त्याच धंद्यातल्या पण भक्कम बँकेकडून कर्ज घेणाऱ्या कंपनीचे आकडे बाजूला मांडा. बाजारातली मंदी दोघींनाही लागते. फरक फक्त हिच्यातच वाढला असेल, तर तो बँकेच्या बाजूने आलेला असण्याची शक्यता मोठी आहे.

रोकड चांगली दिसत असेल तरी बिल डिस्काउंटिंगची, म्हणजे ग्राहकांवरची बिलं बँकेला देऊन आधीच पैसे घेण्याची, टीप वाचा. ग्राहकाने पैसे दिले नाहीत तर परत कंपनीच्याच गळ्यात पडणारी बिलं ताळेबंदातून उतरवलेली असतील, तर ते कर्ज रोकडीच्या वेशात आलेलं आहे. अपूर्ण प्रकल्पाच्या खर्चात टाकलेलं व्याजही बघा. प्रकल्प ठप्प असूनही व्याज त्यात जमा होत राहिलं असेल, तर नफ्यातून जायला हवा होता तो खर्च मालमत्तेत लपला आहे.

पायरी ६ : ऑडिटरचा अहवाल शेवटून वाचा

बहुतेक जण पहिला परिच्छेद वाचून पान उलटतात. तुम्ही मागचं परिशिष्ट आधी वाचा. कॅरोच्या नवव्या कलमात कर्जफेडीतली चूक असते : कुठल्या बँकेचे किती, किती दिवस थकले. एकोणिसाव्या कलमात ऑडिटर सांगतो की पुढच्या वर्षभरातली देणी कंपनी भागवू शकेल का, याबद्दल त्याला मोठी अनिश्चितता दिसते की नाही. तिथून पुढे ‘प्रमुख लेखापरीक्षण बाबी’कडे या आणि गेल्या वर्षीच्या मजकुराशी ओळ न ओळ ताडून पाहा. बँक बदलली, लिमिट गोठलं, तरी मजकूर स्वल्पविरामासकट तोच असेल तर त्या मजकुराला फार वजन देऊ नका. सूचिबद्ध कंपनी असेल तर शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरही शोधा. जानेवारी २०२० पासून बँकेच्या कर्जाचा हप्ता किंवा व्याज ३० दिवसांच्या पुढे थकलं तर २४ तासांत जाहीर करणं तिला सक्तीचं आहे.

अहवालाखालची तारीखही पाहा. सिलिकॉन व्हॅली बँकेच्या हिशेबांवर ऑडिटरने २४ फेब्रुवारी २०२३ ला सही केली आणि चौदाव्या दिवशी बँक बंद पडली. सही होईपर्यंत घडलेल्या गोष्टी टिपांत यायला हव्यात, त्यापुढच्या येणार नाहीत. म्हणून तारखेनंतर त्या कंपनीच्या बँकेबद्दल काय बातमी आली, हे तुमचं तुम्हालाच बघावं लागेल.

तुम्ही हिशेब लिहिणाऱ्यांपैकी असाल तर

बँकेवर निर्बंध आल्याच्या दिवशीच त्या बँकेतल्या प्रत्येक खात्याचा, ठेवीचा आणि गॅरंटीचा तक्ता करून ठेवा. शिल्लकेचं पत्र बँकेकडून थेट ऑडिटरकडे जाऊ द्या, मधे तुमचा हात लागू देऊ नका. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख आहे, आणि कंपनीच्या रकमेपुढे ती नगण्य असते, म्हणून उरलेल्या रकमेच्या वसुलीचा अंदाज कशावर बांधला ते लिहून ठेवा. स्टॉक स्टेटमेंट चुकीचं गेलं असेल तर सुधारित पाठवा. डीपी कमी पडेल आणि शाखेतून फोन येईल. त्या फोनवर बोलायला मार्चचा पगार, कच्च्या मालाची देणी आणि अपेक्षित वसुली यांचा तेरा आठवड्यांचा रोकड अंदाज हातात ठेवा. माझ्या पाहण्यात बँकेच्या माणसाने फुगवलेल्या स्टेटमेंटपेक्षा असा कागद पुढे आल्यावर जास्त वेळ दिला आहे, आणि दोनदा तात्पुरती वाढीव मर्यादाही मिळाली आहे.